अमेरिकेतून एका सत्रासाठी आयर्लंडला: पहिल्या काही आठवड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, शिकागो, डॅलस, बे एरिया इथल्या मराठी घरांतली मुलं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एखादं सत्र परदेशात काढतात, आणि त्यांतली काही आयर्लंड निवडतात. मुलं स्वतः फारसं विचारत नाहीत, फोन येतात ते आईबाबांचे. आम्ही गॉलवेत राहतो, म्हणून उदाहरणं गॉलवेची जास्त आहेत. कॉर्क, लिमरिक आणि डब्लिनलाही बहुतेक गोष्टी लागू पडतात. एक विनंती आधीच करतो: उत्तरं तुम्ही वाचा, पण कामं मुलांनाच करू द्या. सत्र जेमतेम साडेतीन महिन्यांचं असतं. पहिल्या तीन आठवड्यांत मुलांनी आपली आपण घडी बसवली, तरच उरलेलं सत्र त्यांच्या हाती लागतं.

व्हिसा लागतो का?

पासपोर्ट कोणता आहे, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकन पासपोर्ट असेल तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल, तर अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी आयर्लंडचा विद्यार्थी व्हिसा निघण्याआधी काढावाच लागतो. इथे बऱ्याच घरांचा गोंधळ होतो, कारण कॉलेजच्या सूचना अमेरिकन नागरिकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात आणि वर्गातल्या इतर मुलांना काहीच करावं लागत नाही. व्हिसाला वेळ लागतो. प्रवेशाचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज सुरू करा.

विमानतळावर काय विचारतात?

कुठे शिकणार, किती दिवस राहणार, राहायची सोय कुठे आहे, खर्चाचं काय, एवढंच. विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आरोग्यविम्याचा कागद, पैशांचा पुरावा आणि राहण्याचा पत्ता छापून हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. हे कागद चेक-इन केलेल्या बॅगेत गेले तर अधिकाऱ्यासमोर उगाच धांदल होते. अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. तारीख तिथेच वाचून घ्यावी, कारण पुढचं काम त्या तारखेच्या आत उरकायचं असतं.

आयआरपी कार्ड म्हणजे काय? ते टाळता येतं का?

९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या अमेरिकन किंवा भारतीय विद्यार्थ्याला इमिग्रेशनकडे नोंदणी करावी लागते. मग आयरिश रेसिडेन्स परमिट मिळतं, त्यालाच सगळे आयआरपी म्हणतात. फी ३०० युरो. ऑगस्टअखेर येऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत राहणारं मूल ९० दिवस ओलांडतंच, त्यामुळे हे टळत नाही. अपॉइंटमेंट मिळवणं हेच यातलं खरं काम. सप्टेंबरात सगळ्या देशातले विद्यार्थी एकदमच मागे लागलेले असतात. आल्याच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन यंदाची पद्धत विचारायची आणि तारीख मिळवायची, मग ती तारीख कितीही पुढची असो. कार्ड पोस्टाने येतं, म्हणून अर्जात पत्ता एअरकोडसकट अचूक हवा. एअरकोड हा सात अक्षर-अंकांचा पोस्टल कोड. तो २०१५ पासून आहे आणि प्रत्येक पत्त्याला वेगळा असतो. टॅक्सीवाल्याला, पिझ्झावाल्याला, डॉक्टरला, सगळ्यांना तोच द्यायचा.

शिकता शिकता काम करता येईल का?

एका सत्रासाठी आलेल्यांना सहसा 'स्टॅम्प २ए' मिळतो. त्यावर काम करता येत नाही. पूर्ण पदवीसाठी आलेल्यांचा 'स्टॅम्प २' वेगळा, त्यात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मुभा आहे. कॅफेच्या दारावर 'माणूस हवा' अशी पाटी दिसली, तरी आधी आपला शिक्का पाहायचा.

सामानात काय द्यावं?

आधी काय देऊ नये ते सांगतो. अमेरिकेतला इन्स्टंट पॉट, राइस कुकर, हेअर ड्रायर, केस सरळ करायची इस्त्री देऊ नका. इथे वीज २३० व्होल्टची आहे. ही यंत्रं १२० व्होल्टची असतात, लावल्याबरोबर जळतात. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात. त्यांना ब्रिटनसारखा तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो, दोन-तीन द्या. शेगडीवरचा छोटा प्रेशर कुकर मात्र खुशाल द्या, त्याचा फार उपयोग होतो. शेगडी इंडक्शनची असेल तर बूड त्याला चालणारं आहे ना, तेवढं बघा.

तूप, पेढे, पनीर देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून किंवा पोस्टाने आणायला बंदी आहे. सापडले तर जप्त होतात. तुपाची काळजी करू नका, इथलं लोणी उत्तम असतं. पहिल्या रविवारी मुलीला व्हिडिओ कॉलवर कढवायला शिकवा. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, कोरडी चटणी द्या. हळद, मोहरी, डाळी, पोहे वगैरे डब्लिनच्या आणि गॉलवेच्या आशियाई दुकानांत मिळतात. गोडा मसाला मिळेलच असं नाही.

छत्री नको. अटलांटिकचा वारा पाऊस आडवा आणतो, त्यात छत्री टिकत नाही. टोपी असलेला चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट, या दोन गोष्टींवर पैसे खर्च करा.

खोलीत पहिल्या दिवशी काय असेल?

गादी, टेबल, कपाट, बहुतेक एवढंच. पांघरूण, उशी, टॉवेल, भांडी धरून चालू नका, बुकिंगच्या मेलमध्ये नीट वाचा. अमेरिकेहून येणारी विमानं रात्रभर उडून सकाळी उतरतात, आणि डब्लिन विमानतळावरून गॉलवेची थेट बस अडीच-तीन तास घेते. म्हणजे मूल अर्धवट झोपेत दुपारी खोलीवर पोचतं आणि समोर उघडी गादी. उजेड आहे तोवर एअर स्क्वेअरच्या पेनीजमध्ये जायचं. चादर, उशी, दुलई, टॉवेल सगळं एका दुकानात स्वस्तात मिळतं. अमेरिकेतून बॅगा भरून पांघरुणं आणू नका, पलंगांची मापंही वेगळी असतात.

त्याच संध्याकाळी फोन येतो की गरम पाणी येत नाही. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. इथल्या विजेच्या शॉवरला वेगळं बटण असतं. कधी न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर, कधी आत छतावरून लोंबणारी दोरी. ती ओढली की लाल दिवा लागतो, मग पाणी तापतं. प्लगच्या सॉकेटलाही आपल्यासारखी बटणं असतात. भारतात उन्हाळ्याच्या सुट्या काढलेल्या मुलांना हे पटकन कळतं, अमेरिकेतच वाढलेली मुलं बंद सॉकेटला रात्रभर फोन लावून ठेवतात.

कपडे वाळवणं हे इथलं वेगळं प्रकरण. ड्रायर असतो तिथे पैसे पडतात आणि वेळही लागतो. घडीचा स्टँड घ्यावा आणि धुणं थोडं थोडं काढावं.

भाड्याच्या खोलीचं अजून ठरलेलं नसेल तर एकच सांगणं: खोली प्रत्यक्ष कोणी पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. आयर्लंडमध्ये घरांची भयंकर टंचाई आहे आणि खोट्या जाहिराती देणारे त्याचाच फायदा घेतात. विद्यापीठाच्या आवारातली खोली महाग पडली तरी एका सत्रासाठी तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेस असते का? शाकाहारी मुलाचं कसं होणार?

अमेरिकेसारखा 'मील प्लॅन' इथे सहसा नसतो. चार-सहा मुलांमध्ये एक स्वयंपाकघर, फ्रिजचा एकेक कप्पा आणि आपापला स्वयंपाक. पहिल्या आठवड्यात मुलं बाहेर खाऊन खिसा रिकामा करतात. निघण्याआधी चार गोष्टी हाताखालून गेलेल्या असाव्यात: वरण-भात, पोहे, बटाट्याची भाजी, मुगाची खिचडी. आयरिश रूममेट खिचडीच्या वासाने स्वयंपाकघरात येतात आणि बसतात, गप्पा तिथूनच सुरू होतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. या सामायिक स्वयंपाकघरात जितक्या ओळखी होतात तितक्या वर्गात होत नाहीत.

रोजची खरेदी लिडल, ॲल्डी, डन्स किंवा टेस्कोत. शाकाहारी पदार्थांवर खुणा स्पष्ट असतात. कॅफेत सूप आणि ब्राउन ब्रेड मिळतोच, फक्त सूप कशाच्या रश्शात केलंय ते विचारून घ्यावं. चहाची तर चिंताच नको, इथे घरोघरी दूध घालून कडक चहाच पितात.

पाण्याच्या बाटल्या आणि कॅन टाकून देऊ नका म्हणावं. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांवर अनामत आहे: अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्याहून मोठ्याला २५. सुपरमार्केटच्या यंत्रात न चेपलेली बाटली टाकली की पावती मिळते आणि ती बिलातून वजा होते.

विषय कसे निवडायचे? वेळापत्रक अजून पक्कं नाही, ही काळजीची गोष्ट आहे का?

नाही. पाहुण्या विद्यार्थ्यांचं वेळापत्रक पहिल्या दोन आठवड्यांत हळूहळू बसतं. अमेरिकेत एप्रिलमध्येच सगळं नोंदवून झालेलं असतं, त्यामुळे इथे मुलं आणि त्याहून जास्त पालक घाबरे होतात. एका विभागाचं व्याख्यान दुसऱ्याच्या आड येतं, एखादं मॉड्यूल (म्हणजे विषय) याच सत्रात नसतं, कुठे जागा भरलेल्या असतात. सुरुवातीला चार जास्तीची व्याख्यानं ऐकून मग निवड करता येते. ही मोकळीक वापरायला हवी.

त्यासाठी घरूनच एक तयारी करा. पूर्ण सत्र म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय पद्धतीची क्रेडिट, अमेरिकेतली साधारण १५. मॉड्यूल ५ किंवा १० क्रेडिटची असतात. लागणार असतील त्याच्या दुप्पट मॉड्यूल आपल्या अमेरिकन कॉलेजच्या सल्लागाराकडून आधीच मंजूर करून ठेवायची, म्हणजे इथे एखादं हुकलं तर दुसरं घेता येतं आणि पदवी लांबत नाही.

पहिले दोन आठवडे फार रिकामे वाटतात. आठवड्याला दहा-बारा तास वर्ग, हजेरी बऱ्याच ठिकाणी नाही, गृहपाठ नाही, ट्यूटोरियल अनेकदा तिसऱ्या आठवड्यापासून. मुलं सांगतात, 'इथे काही अभ्यासच नाही.' अभ्यास असतो, पण कोणी मागे लागत नाही. वाचायची यादी पहिल्याच दिवशी मिळते आणि त्यावरचे दोन-दोन हजार शब्दांचे निबंध ऑक्टोबरच्या शेवटी एकदम अंगावर येतात. एखाद्या मॉड्यूलचा निकाल एक निबंध आणि डिसेंबरची एक परीक्षा यांवरच लागतो. अमेरिकेसारखी दर आठवड्याची छोटी प्रश्नमंजूषा नसते, त्यामुळे एक निबंध बिघडला तर सावरायला जागा कमी. सप्टेंबरात ग्रंथालयाची वाट धरणाऱ्यांना पुढे त्रास होत नाही.

पहिल्या निबंधाला ६२ मिळाले. नापास होणार का?

६२ म्हणजे चांगले गुण. इथे ४० ला पास, ६० च्या पुढे 'टू-वन' म्हणजे वरचा दुसरा वर्ग, आणि ७० ला पहिला वर्ग. ८० च्या वर गुण क्वचितच दिसतात. आपल्याकडे मुंबई-पुणे विद्यापीठात कलाशाखेला ६० टक्के पडले की घरी पेढे यायचे ना, तेच मोजमाप समजा. गुणपत्रिका अमेरिकेत जाते तेव्हा कॉलेज ती आपल्या श्रेणीत बदलून घेतं. तुमचं कॉलेज कोणतं कोष्टक वापरतं ते आत्ताच मागून घ्या. मुलाला फोनवर 'उरलेले ३८ कुठे गेले?' असं मात्र विचारू नका.

फोन आणि पैशांचं काय?

फोन अनलॉक करून द्या. इथे वीस युरोच्या आसपास महिनाभराचं प्रीपेड सिम मिळतं, युरोपीय संघातल्या इतर देशांतही ते चालतं. व्हेन्मो आणि झेल इथे उपयोगाचे नाहीत, इथली मुलं आपापसांत रिव्होल्यूट वापरतात. एका सत्रासाठी परदेशी व्यवहाराची फी नसलेलं अमेरिकन कार्ड पुरतं, पण कंपन्या वेगळ्या असलेली दोन कार्डं द्या आणि ती दोन ठिकाणी ठेवायला सांगा.

येण्याजाण्याची सोय कशी आहे?

लीप नावाचं प्रवासाचं कार्ड काढायचं, विद्यार्थ्यांना भाड्यात मोठी सवलत आहे. थांब्यावर बस आपोआप थांबेल असं समजू नये, हात दाखवावा लागतो. उतरताना चालकाला सगळे 'थँक्स' म्हणतात, आपणही म्हणावं. गाड्या डावीकडून चालतात. अमेरिकेत वाढलेलं मूल सवयीने आधी डावीकडे बघून पाऊल टाकतं आणि गाडी येते उजवीकडून. पहिल्या आठवड्यातला हा खरा धोका आहे, निघताना पुन्हा एकदा सांगा.

दारूचं काय? वय तर अठराच आहे.

हो, इथे अठराव्या वर्षी कायद्याने पिता येतं. अमेरिकेतून आलेल्या वीस वर्षांच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ही मोकळीक मिळते. पबमध्ये 'राउंड' घेण्याची रीत आहे: एकाने सगळ्यांसाठी घ्यायचं, मग दुसऱ्याने. सहा जण असले तर नकळत सहा ग्लास होतात. राउंडमध्ये न शिरता आपलं आपण घेतो म्हणणं, किंवा नुसता सोडा घेऊन बसणं, यात काहीही वावगं नाही. गाणंबजावणं ऐकायला न पिणारेही पबमध्ये जातात, तुमच्या मुलांनीही जरूर जावं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गॉलवेतून वाहणारी कॉरिब नदी आखूड आहे, पण तिची ओढ जबरदस्त आहे आणि पाणी थंडगार. रात्री पबमधून परतताना काठाकाठाने जायचं नाही, एकट्याने तर नाहीच. स्पॅनिश आर्चपाशी दिवसा बसावं, तिथे फार छान वाटतं.

आजारी पडलं तर?

आवारातल्या आरोग्यकेंद्रात आधी फोन करायचा. बाहेरच्या डॉक्टरकडे साध्या तपासणीला साठ-सत्तर युरो लागतात, पावती विम्यासाठी जपावी. तातडीचा क्रमांक ११२ किंवा ९९९. इथे ९११ डोक्यात ठेवून चालत नाही.

रोजची औषधं असतील तर डॉक्टरच्या पत्रासह मूळ डब्यांत द्या आणि पत्रात औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. अमेरिकेत बरीच मुलं ॲडरॉल घेतात, ते इथे मिळत नाही. पर्यायाबद्दल निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरशी बोला. चिठ्ठीवरची औषधं पोस्टाने मागवणं आयर्लंडमध्ये बेकायदा आहे, पार्सल कस्टम्समध्ये अडकतं.

सविता हलप्पनवार यांची आठवण काढून अनेक आया विचारतात. बेळगावच्या सविता २०१२ मध्ये गॉलवेतच गेल्या. गर्भ आपोआप पडत असतानाही डॉक्टरांकडून वेळेत गर्भपात करून दिला गेला नाही. त्या मृत्यूने हा देश हादरला आणि मे २०१८ च्या सार्वमताने राज्यघटनेतली गर्भपातावरची बंदी उठली. आज कायदा वेगळा आहे. इथल्या लोकांना त्यांचं नाव माहीत आहे आणि ते आदराने घेतलं जातं.

भारतीय चेहऱ्याच्या मुलांना सुरक्षित आहे का?

सरळ उत्तर देतो. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर मारहाणीचे गंभीर प्रकार घडले, भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांनी जाहीर निषेध केला. हे लपवून तुम्हाला धीर देणं मला बरोबर वाटत नाही. हल्लेखोरांत किशोरवयीन टोळकी होती, असं अनेकदा समोर आलं. पोरांचा घोळका दिसला, टोमणे आले, तर उत्तर न देता रस्ता बदलायचा, दुकानात शिरायचं. रात्री उशिरा निर्जन भागातून एकटं चालायचं नाही. काही घडलंच तर गार्डांकडे म्हणजे पोलिसांकडे तक्रार नोंदवायची आणि विद्यापीठालाही कळवायचं, गप्प बसायचं नाही.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. इस्पितळांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत, विद्यापीठांत आपली माणसं ठिकठिकाणी आहेत. दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. मराठी आडनाव ऐकलं की त्यांचा विषय कोणीतरी काढतंच. गॉलवेत रोज रस्त्यावर भेटणारा माणूस हवापाण्यावरून गप्पा सुरू करणारा असतो.

मुलगी म्हणते, सगळे अमेरिकनच एकत्र फिरतात. आयरिश मैत्रिणी कशा होणार?

सप्टेंबरात क्लब आणि सोसायट्यांचे दिवस असतात, काही युरोंत सभासद होता येतं. तिने दोन निवडाव्यात: एक तिला येत असलेलं, एक कधीच न केलेलं. हर्लिंग किंवा मुलींसाठीचा कमोगी हा खेळ नवशिक्यांनाही शिकवतात. लाकडी स्टिक आणि हेल्मेट बहुधा क्लबच देतो. शुक्रवारी बरीच आयरिश मुलं आपापल्या गावी जातात आणि आवार ओस पडतं. मैत्री करायची तर सोमवार ते गुरुवार घराबाहेर पडायला हवं. ओळख झाली की कोणीतरी शनिवार-रविवारी घरी घेऊन जातं. असं बोलावणं आलं तर बार्सिलोनाचं तिकीट पुढे ढकलून तिकडेच जावं.

शेजारच्या देशांत फिरता येईल का?

अमेरिकन पासपोर्टवर हो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे इथले दिवस तिथल्या ९० दिवसांत मोजले जात नाहीत. बेलफास्टला जाताना सीमेवर चौकीसुद्धा दिसत नाही, पण तो युनायटेड किंग्डम आहे. भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा हवाच, बसमध्ये कोणी तपासलं नाही तरीही. अमेरिकन नागरिकाला ब्रिटनचं ईटीए, म्हणजे आधी ऑनलाइन काढायची प्रवासाची परवानगी लागते. आयआरपी हातात असेल आणि प्रवास आयर्लंडमधूनच असेल तर त्यातून सूट आहे. पहिले तीन आठवडे मात्र गॉलवेतच राहिलेलं बरं.

फोन कधी करावा? तिसऱ्या आठवड्यात रडू येतंय म्हणाली.

नवलाई ओसरली की साधारण तेव्हाच येतं. आजारपण, न झोपणं, न खाणं असं काही नसेल तर धीराने ऐकून घ्या, लगेच तिकीट काढू नका. रोज दोन तासांच्या व्हिडिओ कॉलपेक्षा ठरलेल्या वेळेचे आठवड्याचे दोन कॉल तिला जास्त मोकळं ठेवतील. न्यूयॉर्कपेक्षा इथे पाच तास पुढे, कॅलिफोर्नियापेक्षा आठ. इथली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, तुमची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या काळात एक तास कमी धरा. त्यानंतर इथे भराभर अंधारतं, डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. दिवसा एक फेरी सॉल्टहिलच्या किनाऱ्यावर मारायची सवय आत्ताच लागली तर तेव्हा उपयोगी पडते.

परतीचं तिकीट आत्ता काढू का, स्वस्त मिळतंय?

परीक्षेचं वेळापत्रक जाहीर होईपर्यंत थांबा, किंवा तारीख बदलता येणारं तिकीट काढा. परीक्षा नाताळच्या तोंडापर्यंत चालू शकतात आणि विमान आहे म्हणून पेपर आधी घेत नाहीत. डब्लिन आणि शॅनन विमानतळांवर अमेरिकेचं इमिग्रेशन आयर्लंडमध्येच उरकतं. तिथे रांग असते, म्हणून उड्डाणाच्या तीन तास आधी पोचेल अशी गॉलवेची बस धरायची.